आमची शेवटची

संध्याकाळी खुराड्याचं दार लावायचं काम माझ्याकडे आहे. दार लावण्याआधी मोजायच्या. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे अकरा नग होते: पाच जुन्या कोंबड्या, एक कोंबडा आणि जानेवारीत अंड्यातून निघालेली पाच पिल्लं, जी एव्हाना पिल्लं राहिली नव्हती. माझा नऊ वर्षांचा मुलगा शेजारी उभा राहून मोठ्याने मोजायचा. दहापर्यंतचे आकडे भराभर व्हायचे. मग आम्ही दोघं मांगराच्या, म्हणजे गोठ्यावजा खोपटाच्या, कोपऱ्याकडे बघत उभे. फणसाच्या बुंध्याआडून एक करडी मान बाहेर यायची, इकडेतिकडे बघायची, पुन्हा आत. असं चार-पाच वेळा. दिवेलागण होऊन जायची, डास फोडून काढायला लागायचे, तेव्हा कुठे ती भिंतीला अंग घासत यायची आणि खुराड्याच्या तोंडाशी पुन्हा थबकायची. "अकरा" म्हणायच्या ऐवजी मुलगा म्हणायचा, "आणि शेवटची." तेच तिचं नाव पडलं.

माझं माहेर साताऱ्याकडचं. तिथे म्हैस होती, कोंबड्या नव्हत्या. लग्नानंतर बारा वर्षं मुंबईत गेली आणि तीन वर्षांपूर्वी आम्ही कुडाळजवळ सासरच्या घरी राहायला आलो. कोंबड्या सासूबाईंच्या. त्या कोंबड्यांना नावं ठेवत नाहीत, दोन्ही अर्थांनी. सकाळी कणी-कोंडा टाकायचा, दुपारी भात उरला असेल तर तो, संध्याकाळी आत घालायच्या. मधल्या वेळात कोंबडीने स्वतःचं स्वतः बघावं, असा त्यांचा खाक्या. खुडूक झालेली लाल कोंबडी त्यांनी डिसेंबरअखेर अकरा अंड्यांवर बसवली, एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली. दोन घारीने उचलली, एक मुंगसाने नेलं. उरलेल्या पाचांत दोन नर, तीन माद्या. अंड्यावर न आलेल्या अशा तरुण मादीला तलंग म्हणतात, हेही मला इथेच कळलं. दोन तलंगा अंगाने भरलेल्या, तरतरीत. तिसरी ही.

आई पिल्लांना अडीच महिने पंखाखाली घेऊन हिंडली आणि एप्रिलमध्ये एका सकाळी तिने त्यांना टोचून हाकललं. त्यात काही नवल नाही, ती पुन्हा अंड्यावर यायची होती. बाकीची चार पिल्लं दोन-तीन दिवस भांबावल्यासारखी वागली आणि मग मोठ्यांच्या मागे-मागे उकिरडा उकरायला लागली. शेवटचीला मात्र ते जमेना. दाणे टाकले की ती कडेला उभी. एखादा दाणा उडून तिच्याकडे आला तर मान लांब करून उचलायची आणि लगेच चार पावलं मागे. कुणी नुसतं तिच्या दिशेने वळलं तरी ही पळत सुटायची. मानेवर पीस नसलेली एक म्हातारी कोंबडी आहे आमच्याकडे. ती खरं तर आपल्याच तंद्रीत असते, पण शेवटची दिसली की तिच्या अंगात यायचं. टाळूवरची पिसं तिनेच उपटली होती.

मला आधी भीती वाटली ती मानमोडीची. सासूबाई सांगतात, एका वर्षी आठवड्याभरात अख्ख्या वाडीची खुराडी रिकामी झाली होती. त्यामुळे मी पहिलं काय केलं, तर तिची विष्ठा बघितली. मानमोडीत हिरवट, पातळ पडते. पुढे पाय लुळे होतात, मान पिरगळते. हिचं सगळं ठीक होतं, तपकिरी आणि वर पांढरी टोपी. मान सरळ होती, पळायला तर ती सगळ्यांत वेगवान. शिवाय मानमोडी एकटीला गाठून थांबत नाही. मग हिला झालंय तरी काय?

"काय झाला नाय तिका. पयल्यापासून तशीच आसा," सासूबाई म्हणाल्या.

"पण आई, ती खातच नाही."

"खाता ती. अगो, कोंबडी ती. बाळंतीण न्हय."

त्यांचं त्यांच्या जागी बरोबर होतं. पण मी ऐकलं नाही. मी काय-काय केलं ते आता लिहायला थोडी लाज वाटते. सकाळी सगळ्यांना दाणे टाकले की हिला उचलून पडवीत न्यायचे. तिथे हिच्यासाठी वेगळी वाटी. भिजवलेली नाचणी, शेंगदाण्याचा कूट, मुलाने मांगराच्या जुन्या वाशातून खरवडून आणलेली वाळवी. बाजारातल्या दुकानदाराने एक टॉनिकची बाटलीही दिली, गुलाबी रंगाची. त्याचे चार थेंब पाण्यात. पंधरा दिवसांत ती माझ्या हातातून खायला लागली. मला कोण आनंद झाला! दुपारी मी भाजी निवडत बसले की ही पायाशी येऊन बसायची. फोटो काढून मी माहेरच्या ग्रुपवर पाठवले. आणि पडवीतून खाली सोडलं की पहिल्यापेक्षा जास्त मार खायची. आधी एकटी बोडक्या मानेची टोचायची, आता हिच्या सख्ख्या बहिणीही टोचायला लागल्या.

त्यावर मी तोडगा काय काढला, तर तिला तीन दिवस डालग्याखालीच ठेवलं. विश्रांती म्हणून. चौथ्या दिवशी डालगं उचललं तर कोंबड्यापासून सगळे तिच्यावर धावून गेले. ती उडाली ती थेट विहिरीच्या रहाटावर जाऊन बसली. तिला उतरवायला शिडी लागली.

सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "तू तिका उचलून न्हेतंस, मगे परत आणून सोडतंस. त्यांका काय वाटता? ही खंयची नवी इली?"

त्या रात्री मी फोनवर वाचत बसले. माणसाला कोंबड्यांबद्दल इतकं वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे नावाचा एक नॉर्वेचा माणूस होता. लहानपणापासून तो कोंबड्यांपाशी वही घेऊन बसायचा, कोण कुणाला टोचतं ते टिपून ठेवायचा. पुढे 1921 मध्ये त्याने त्यावर प्रबंध लिहिला. कोंबड्यांमध्ये पायरी ठरलेली असते. वरची खालचीला टोचते, खालची उलटून टोचत नाही आणि एकदा पायरी ठरली की रोजची मारामारी संपते. कळपात नवीन कुणी आलं की गणित पुन्हा पहिल्यापासून. ही उतरंड नेहमी सरळही नसते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला आणि तिसरी वळून पहिलीला, असे त्रिकोणही त्याला सापडले होते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पायरीवर बसले आणि बघितलं तर आमच्याकडेही तसाच त्रिकोण होता. बोडक्या मानेची काळीला टोचते, काळी लालीला आणि लाली बोडक्या मानेचीला. साताऱ्याच्या आमच्या चुलत्यांमध्येही साधारण हेच आहे.

म्हणजे सासूबाई सुपातल्या तांदळावरून नजर न उचलता जे बोलल्या, तेच खरं. मी रोज सकाळी तिला कळपातून बाहेर काढत होते आणि रोज दुपारी तिला पाहुणी करून परत पाठवत होते. तिची पायरी ठरायला वेळच मिळत नव्हता.

हातातून खायला घालणं त्याच दिवशी बंद केलं. दाण्याच्या मात्र तीन जागा केल्या, एक तुळशीपाशी, एक मांगराच्या मागे, एक फणसाखाली. तिन्हीकडे एकाच वेळी दाणे पडले की बोडक्या मानेचीला कुठे राखण करावी ते कळत नाही. एक मोडकी फळी भिंतीला तिरकी टेकवून ठेवली, मागे लपायला आडोसा. आठवड्याभरात टोचणं पुष्कळ कमी झालं.

खरं सांगायचं तर इथेच ही गोष्ट संपायला हवी होती. पण तिची तब्येत काही सुधारेना. जून लागला, पाऊस धरला आणि ती आणखीच मलूल दिसायला लागली. मी तिला उचलत नव्हते, पण संध्याकाळी आत जाताना प्रत्येकीच्या गळ्याखाली हात लावून बघायची सवय लावून घेतली. कोंबडी दिवसभर खाते ते आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं. बाकीच्यांची पिशवी संध्याकाळी भरलेली, पेरूएवढी, हाताला टणक. हिची अर्धी भरलेली. म्हणजे खाते आहे, कमी का होईना. तरी छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत होतं.

एका दुपारी तिचं वजन केलं. स्वयंपाकघरातला काटा, त्यावर प्लास्टिकचं टोपलं, आणि कोंबडीच्या डोक्यावर रुमाल. अंधार झाला की कोंबडी गप्प बसते, हे मला फार आवडतं. 610 ग्रॅम. तिच्या थोरल्या बहिणीला टोपल्यात बसवलं तर 1 किलो 20. दोघी एकाच दिवशी एकाच आईखाली निघालेल्या.

"गटारीक बघूया," सासूबाई म्हणाल्या. आषाढ अमावास्येला दीडेक महिना होता. आमच्याकडे त्या दिवशी वडे-सागुती होते आणि कुणाची होते हे सासूबाई आधीपासून डोळ्यांनी ठरवत असतात. पाच महिन्यांत जिला वजन आलं नाही, जी अंडी देईल असं दिसत नाही, तिला दाणे घालून करायचंय काय? मला उत्तर सुचलं नाही. त्या क्रूर नाहीत. चाळीस वर्षं कोंबड्यांच्या अंड्यांवर त्यांनी घरातलं मीठ-मिरची चालवलं आहे.

मी तिला पिशवीत घालून, पिशवीतून मान बाहेर काढून, स्कूटरवरून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. माझ्या पुढे दोन बैल आणि एक बोकड. डॉक्टर तरुण होते. एका कोंबडीसाठी आल्याबद्दल हसले नाहीत, याचंच मला बरं वाटलं. त्यांनी तुरा बघितला, मग अंगठ्याने डोळ्याची पापणी खाली ओढली. आतली बाजू पांढुरकी. "रक्त कमी आहे हिच्यात," म्हणाले. जंताचं औषध दिलं, सगळ्यांनाच पाण्यातून द्यायला सांगितलं. मग विचारलं, "संध्याकाळी आत जायला कुरकुर करते का?"

मी म्हटलं, "रोजची शेवटची तीच. बाकीच्यांना घाबरते."

"रात्री कधी टॉर्च घेऊन खुराडं बघितलंय?"

नव्हतं बघितलं. दिवसा दर रविवारी झाडून घेत होतो, तूस बदलत होतो. रात्री कशाला कोण जाईल? त्यात मुसळधार पाऊस. पण गेले. दहा वाजता, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात टॉर्च आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा एक पांढरा तुकडा. खुराडं जांभ्या दगडाचं आहे, आत बसायला दोन आडव्या काठ्या. अकरा जणं ओळीने बसलेली, माना पिसांत. वरच्या काठीच्या मधोमध कोंबडा आणि जुन्या, मग धाकटे, आणि खालच्या काठीच्या अगदी टोकाला, जिथे काठी भिंतीच्या भेगेत खोचली आहे, तिथे शेवटची. ती झोपलेली नव्हती. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, मधूनच पोटाखाली चोच घालत उभी होती.

मी तो पांढरा तुकडा तिच्या जागेजवळ काठीच्या खालच्या बाजूने फिरवला आणि टॉर्चखाली धरला. त्यावर लाल रेघा उमटल्या होत्या. कुंकवाचं बोट पुसावं तशा. नीट बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढ्या गोचड्या, रक्त पिऊन तांबड्या झालेल्या, चिरडल्या गेलेल्या. भेगेच्या तोंडाशी टॉर्च नेला तर तिथे त्यांची हलती रांग.

या लाल गोचड्या दिवसा कोंबडीच्या अंगावर राहत नाहीत. भिंतीच्या फटीत, काठीच्या सालीखाली लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. म्हणून मी दिवसा तिची पिसं उलटून दहादा बघितली तरी मला काही सापडलं नव्हतं. वस्ती होती ती त्या एका भेगेत सगळ्यांत दाट, आणि शेवटची नेमकी तिथेच बसायची, कारण कळपाने तिला तेवढीच जागा सोडली होती. दोन महिने मी तिला बुजरी, बुजरी म्हणत होते. रोज रात्री अंगावर चढणाऱ्या किड्यांच्या घरात जायला मीसुद्धा फणसाआड उभी राहून वेळ काढला असता.

सकाळी सासूबाईंना तो तुकडा दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पिसवा. चुनो काढूक व्हयो होतो. ह्या वर्षी रवान गेला." पाडव्याच्या आधी दर वर्षी त्या खुराड्याला आतून चुना काढतात. यंदा त्यांचा गुडघा धरला होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग दोन दिवस घरात दुसरं काम नव्हतं. कोंबड्यांना मांगरात डालग्यांखाली हलवलं. तूस बाहेर काढून जाळलं, त्या पावसात ते जळेपर्यंत डोळ्यांचं पाणी झालं. काठ्या जाळल्या. बंबातलं उकळतं पाणी भेगांतून ओतलं, सुकल्यावर डॉक्टरांनी दिलेलं औषध फवारलं, भेगा सिमेंटने बुजवल्या, वरून चुना. नवऱ्याने सुपारीच्या नव्या काठ्या तासून आणल्या, भिंतीत न खोचता दोऱ्यांनी टांगल्या. गोचडीची अंडी मागे राहतात आणि आठवड्याभरात नवी पिढी उठते, म्हणून आठ-आठ दिवसांनी आणखी दोनदा फवारणी. या गोचड्या रक्ताशिवाय काही महिने तग धरतात, त्यामुळे "कोंबड्या चार दिवस बाहेर ठेवल्या की मरतील" हा मुलाचा हिशोब चालला नाही. पडवीच्या एका कोपऱ्यात चुलीची राख आणि वाळू मिसळून एक खोकं भरून ठेवलं. पावसात त्यांना अंगावर घ्यायला कोरडी माती कुठून मिळणार?

तिसऱ्या रात्री सगळ्यांना परत आणलं. हे मी मुद्दाम अंधार पडल्यावर केलं आणि एकेकीला हातानेच काठीवर बसवलं. शेवटचीला वरच्या काठीवर, मधोमध, लाली आणि काळीच्या मध्ये. अंधारात कोंबडीला भांडता येत नाही. खुराडं नवं, काठ्या नव्या, चुन्याचा वास. सकाळी दार उघडलं तेव्हा सगळ्याच सारख्या गोंधळलेल्या होत्या. कुणाची कुठली जागा हेच कुणाला आठवत नव्हतं. मी फट्कन दार उघडून बाजूला झाले. टोचाटोची झाली, नाही असं नाही, पण ती सगळ्यांची सगळ्यांशी झाली.

गटारीपर्यंत तिचं वजन 840 झालं. सासूबाईंनी तिला एकदा हातात धरून खाली-वर केलं, छातीवरून अंगठा फिरवला आणि खाली सोडलं. गटारीला तिचा थोरला भाऊ गेला. धाकटा राखणेसाठी, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, ठेवला होता. मुलगा त्या दिवशी जेवायला बसला नाही. संध्याकाळी भूक लागली तेव्हा वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली.

श्रावणात तिचा तुरा फिक्या गुलाबीचा लाल झाला. पाठीवर हात ठेवला की खाली दबून बसायला लागली. हे अंड्यावर आल्याचं लक्षण. दोन दिवस ती घरभर जागा शोधत हिंडली. चुलीजवळच्या सरपणात बसली, माझ्या धुण्याच्या टोपल्यात बसली. मी काही मदत करायची नाही असं ठरवलं होतं, तरी टोपल्यातले कपडे तेवढे काढून घेतले. तिसऱ्या दिवशी दुपारी मांगरात नारळाच्या सोडणांच्या ढिगावर ते अंडं सापडलं. छोट्या लिंबाएवढं, एका टोकाला रक्ताची बारीक रेघ. काट्यावर 19 ग्रॅम.

श्रावण असल्यामुळे घरात कुणी अंडं खाणार नव्हतं. पुढे चतुर्थी, गणपती, गौरी. मी ते तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं, वर पेन्सिलीने 'शे' लिहून. मागून तिने आणखी अंडी दिली, जरा मोठी, तीही डब्यात. गणपती विसर्जन झाल्यावर मुलाला शेवटचीच्याच अंड्याची पोळी हवी होती, तीही पहिल्या अंड्याची. सासूबाईंनी वाटीत फोडलं. आत नुसतं पांढरं होतं, पाण्यासारखं.

"बलकच नाय गो ह्याच्यात!" त्या इतक्या हसल्या की त्यांना पाटावर बसावं लागलं. तलंगेचं पहिलं अंडं कधी-कधी असं निघतं, म्हणाल्या. वाटी मांजराच्या पुढ्यात सरकवली, कारण कोंबड्यांना अंड्याची चव लागली की त्या आपलीच फोडून खातात, आणि डब्यात हात घालून दुसरं काढलं.